फुरसुंगीचा बन्या आणि बिननावाच्या शहरातला इमरान

लालबागच्या खोलीत अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफींचा इमरान होता आणि शाळेच्या पेटीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. मी दोघांवर वाढलो.

१९५५च्या ‘खौफनाक इमारत’पासून इमरान वेड पांघरून समोरच्याला गाफील ठेवतो. बन्या फेणेला सोंग जमत नाही. काटकुळा पोरगा, सायकल आणि तोंडातला ‘ट्टॉक’, एवढंच त्याचं भांडवल.

खरा फरक गावाचा. इमरानच्या शहराला नावच नाही. लेखक १९५२मध्ये अलाहाबादहून कराचीला गेले. पण ते बिननावाचं शहर सरहद्दीच्या दोन्हीकडच्या वाचकांना आपलं वाटलं. बन्याला मात्र फुरसुंगी आहे. तो कुठेही धडपडला तरी “तू मूळचा कुठला?” असं त्याला कुणी खोदून विचारत नाही.

मला विचारतात. “मराठी छान बोलता हो, मूळचे कुठले?” मूळचा लालबागचाच.

बिननावाचं शहर वाचकाला मोकळं सोडतं, हे खरं. पण पोराला पाय टेकायला नावाची गल्ली लागते. म्हणून वर्गात मी दोघांच्या गोष्टी सांगतो आणि तिसरा नायक मुलांना लिहायला लावतो. अट एकच: पत्ता पूर्ण हवा, चाळीच्या नावासकट.