घरांतील कारखाना : हवेचा पाना घ्यावा कीं न घ्यावा ?

संसाराला लागणाऱ्या वस्तूंची निवड करतांना आपण जितकी चिकित्सा तांदूळ घेतांना करतों, तितकी यंत्र घेतांना करीत नाहीं. तांदूळ मुठींत घेऊन पाहतों, त्याचा वास घेतों, दाणा दातांखालीं धरतों. यंत्राच्या बाबतींत मात्र दुकानदारानें खोक्यावरील मोठा आंकडा दाखविला कीं आपलें समाधान होतें. मोटारीचीं किरकोळ कामें घरच्या घरीं करणारे वाचक अलीकडे आम्हांस वारंवार विचारूं लागले आहेत कीं, पंक्चरवाल्याकडे चाकाचे नट काढण्यासाठीं जी हवेची बंदूक असते, ती घरीं घ्यावी काय, व घ्यावयाची झाल्यास कोणती ? याचें उत्तर पुस्तकांत पाहून देतां आलें असतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरींच या प्रश्नाची परीक्षा झाली. म्हणून प्रथम ती हकीकत सांगून मग हिशेबाकडे वळतों.

चिपळूणहून कराडकडे येतांना कुंभार्ली घाटांत आमच्या मोटारीचें मागचें डावें चाक बसलें. गाडींत आम्ही, आमचे वडील बंधु नाना, वहिनी, पुतणी आणि ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री. पाऊस लागलेला, आणि दिवस मावळण्याच्या बेतांत. स्टेपनी चांगली होती, जॅक होता. परंतु चार नटांपैकीं दोन नट कांहीं केल्या हालेनात. आठच दिवसांपूर्वीं रस्त्यावरील एका दुकानांत तेंच चाक काढून बसविलें होतें, आणि तेथल्या मुलानें नट पक्के व्हावेत म्हणून हवेची बंदूक खडखडत असतां बराच वेळ दाबून धरली होती. आम्हीं तें कौतुकानें पाहत उभे राहिलों, ही आमची चूक. शेवटीं नानांनीं पान्यावर पाय देऊन अंगाचा भार टाकला. पाना निसटला आणि अडुसष्ट वर्षांचे नाना खांद्यावर पडले. पुढें एका मालमोटारीच्या चालकानें आपला लांब दांडा आणून ते नट सोडविले, व कांहीं घेण्यास साफ नकार दिला. घरीं पोंचलों तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आणि नानांचा उजवा हात पुढें सहा आठवडे गळ्यांतील झोळींत होता.

त्या सहा आठवड्यांत घरांत मोठा वाद माजला. यंत्रशास्त्र शिकलेली आमची पुतणी म्हणाली, "नाना, आतां आपण घरीं हवेची बंदूक आणूं. तुम्हीं पुन्हां पान्यावर उभें राहतां कामा नये." नाना म्हणाले, "जिनें माझा खांदा निकामी केला, तीच घरांत आणून ठेवायची होय ?" वहिनींचा प्रश्न याहूनही नेमका होता : "आणाल खरी, पण घाटांत ती चालवायला हवा कोठून आणणार?" आई एवढेंच म्हणाल्या, "दुपारीं वाजणार नसेल, तर काय हवें तें आणा." हे तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि त्यांचें उत्तर दिल्यावांचून कोणीही हें उपकरण घेऊं नये, असें आमचें मत आहे.

प्रथम हें यंत्र काम कसें करतें तें पाहूं. हवा दाबून तिच्याकडून घणाचें काम घेण्याची विद्या नवी नव्हे. आल्प्स पर्वतांतील फ्रेजुसचा बोगदा १८५७ सालीं सुरू होऊन १८७१ सालीं पुरा झाला. तेथें सोमेये नांवाच्या स्थापत्यशास्त्रज्ञानें १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारीं खडक पोखरण्याचीं यंत्रें लावलीं. त्याच काळांत, म्हणजे १८५६ ते १८६३ या वर्षांत, आपल्या बोरघाटांतील लोहमार्गाचे बोगदे मात्र मजुरांनीं छिन्नी, घण आणि सुरुंग यांच्या बळावर खोदले. हवेच्या बंदुकींतही एक लहानसा घणच असतो. हवेनें पात्यांचें एक चक्र गरगर फिरतें. तें हातोड्याला फिरवितें. हातोडा वेग घेऊन ऐरणीवर आदळतो, आणि त्या ऐरणीच्या टोंकाशीं गोटी बसविलेली असते. असे आघात मिनिटाला हजाराहून अधिक होतात. भिंतींतील खिळा नुसता रेटून आंत जात नाहीं, हातोडीच्या ठोक्यानें जातो. तसाच गंजलेला नट रेट्यापेक्षां ठोक्याला लवकर वश होतो. प्रत्येक आघात क्षणिक असल्यामुळें बंदूक धरणाऱ्याच्या मनगटास झटका फारसा बसत नाहीं. हा तिचा मोठा गुण. आणि तोच तिचा मोठा दोष. नट किती आवळला गेला हें हाताला कळतच नाहीं. हातपान्यानें आवळणारा मनुष्य दमतो व थांबतो. बंदूक दमत नाहीं.

आतां आंकडे. पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्यें मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोंकाला दहा किलो वजन टांगलें, तर सुमारें १०० न्यूटन-मीटर जोर होतो. लहान घरगुती मोटारींच्या चाकांच्या नटांना बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटर पुरतात. आपल्या गाडीचा नेमका आंकडा तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत पाहावा. नानांचें वजन साठ किलो आणि गाडींतील पाना पाव मीटर. म्हणजे त्यांनीं सुमारें १५० न्यूटन-मीटर जोर लावला, तरीही नट हलला नाहीं. दुकानांतील त्या मुलानें तो कोठवर आवळला असेल, याची कल्पना यावरून येईल. चालकाचा दांडा मीटरभर लांब होता. तेवढ्यावर पंचवीस किलोंचा रेटा दिला तरी २४५ होतात. त्याच्या यशाचें रहस्य एवढेंच.

यावरून बंदुकीची निवड ठरते. घरगुती मोटारीस अर्धा इंची चौकोनाची बंदूक घ्यावी. पाऊण इंची मालमोटारीच्या कामाची, जड व फार हवा खाणारी. पाव इंची व तीन अष्टमांश इंची लहान बोल्टांच्या उपयोगाच्या. खोक्यावर हजार-बाराशेंचा आंकडा पाहून भुलूं नये. तो बहुधा नट सोडविण्याच्या दिशेचा, फार तर क्षणभर मिळणारा जोर असतो, आणि तोही यंत्राच्या तोंडाशीं पुरा दाब असेल तरच. प्रत्यक्ष कामांत ४०० ते ६०० न्यूटन-मीटर देणारी, दोन हातोड्यांची, दोन किलोंच्या आंतबाहेर वजनाची व जोर कमी-अधिक करण्याची कळ असलेली बंदूक घराला पुरून उरते. आंकडा फूट-पौंडांत असेल तर त्यास १.३५६ नें गुणावें, म्हणजे न्यूटन-मीटर येतात. नाहीं तर दोन दुकानांतील मालाची तुलनाच होणार नाहीं.

परंतु बंदूक ही तोटी आहे. विहीर म्हणजे कॉम्प्रेसर. बहुतेक लोक येथेंच फसतात. या बंदुकीला चालू असतां तोंडाशीं ९० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारें ६.२ बार दाब लागतो, व कळ दाबून धरल्यास मध्यम प्रतीची बंदूक मिनिटाला सुमारें ५७० लिटर मोकळी हवा गिळते. घरगुती कॉम्प्रेसर इतकी हवा देऊंच शकत नाहीं. म्हणून सारी भिस्त टाकीवर. पन्नास लिटरच्या टाकींत ८ बार दाब भरला आणि तो ६ पर्यंत उतरूं दिला, तर दोन बार गुणिलें पन्नास, म्हणजे शंभर लिटर हवा हातीं येते. ती दहा-साडेदहा सेकंद पुरते. एका नटास दोन सेकंद धरले तर एका चाकाचे चार नट सुटतात, आणि मग कॉम्प्रेसरला मिनिटभर विसांवा घेऊं द्यावा लागतो. घरच्या कामास एवढें पुरेसें आहे. चोवीस लिटरच्या टाकींत मात्र याच्या निम्मेंच काम होतें. तेव्हां टाकी पन्नास लिटरांहून लहान घेऊं नये. टायरांत हवा भरण्यापुरता जो चिमुकला पंप गाडींत ठेवतात, त्याचा येथें कांहीं उपयोग नाहीं.

नळीही तितकीच महत्त्वाची. आंतून पाव इंची बारीक नळी लावली, तर टाकींत दाब असूनही बंदुकीच्या तोंडाशीं तो पोंचत नाहीं. तीन अष्टमांश इंची नळी घ्यावी व ती गरजेपेक्षां लांब नसावी. गोट्या निराळ्या घ्याव्या लागतात. हातपान्याच्या चकचकीत गोट्या ठिसूळ. आघातानें त्यांचा तुकडा उडून डोळ्यास इजा होऊं शकते. काळ्या, जाड भिंतींच्या, सहा कोनांच्याच वापराव्या. १७, १९ व २१ मिलिमीटर या मापांत बहुतेक गाड्यांचें काम भागतें. वापरण्यापूर्वीं हवा शिरण्याच्या तोंडांत तेलाचे चार थेंब सोडावे. काम संपल्यावर टाकीखालची तोटी उघडून सांचलेलें पाणी काढून टाकावें. कोंकणासारख्या दमट हवेंत हा नियम चुकला, तर टाकी आंतून गंजते, आणि दाबाखालची गंजलेली टाकी हा घरांतील खरा धोका आहे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर आच्छादन असावें, कारण हिचा आवाज नव्वद डेसिबलांच्या वर जातो. आईंचा आक्षेप येथें आम्हीं शिरसावंद्य मानला : दुपारीं एक ते चार यंत्र बंद. दाबलेल्या हवेचा झोत अंगावरील धूळ झटकण्यासाठीं मुलांनींच काय, मोठ्यांनींही कधीं वापरूं नये.

आतां वहिनींचा प्रश्न. हवेची बंदूक घाटांत नेतां येत नाहीं, हें खरेंच. बॅटरीवर चालणारी बंदूक नेतां येते. तिला नळी नको, टाकी नको. परंतु ती वजनानें जड, तितक्याच जोरासाठीं किमतीनें बहुधा अधिक, आणि तिची बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते. ज्यांच्या घरीं एकच मोटार आहे व कॉम्प्रेसर नाहीं, त्यांनीं हवेच्या बंदुकीच्या भानगडींत पडूंच नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. त्यांनीं साठ सेंटिमीटरचा मजबूत दांडा, एक गोटी व एक टॉर्क-पाना घ्यावा. फारच हौस असेल तर बॅटरीची बंदूक पाहावी. आमच्या घरीं दोन मोटारी, तीन दुचाक्या, आणि दारें-खिडक्यांच्या रंगासाठीं पूर्वींच घेतलेला कॉम्प्रेसर आहे. म्हणून आम्हांस फक्त बंदूक, नळी व गोट्या घ्याव्या लागल्या. नवा कॉम्प्रेसर घ्यावयाचा असता, तर बंदुकीपेक्षां त्याचाच खर्च जड गेला असता.

घाटांतील संकटाचा उपाय मात्र घाटांत नसून घरच्या अंगणांत आहे. बाहेर कोणीही चाक बसविलें, तर घरीं येतांच आम्ही ते नट बंदुकीनें सोडवितों व पुन्हां नीट बसवितों. बसवितांना बंदुकीला हात लावावयाचा नाहीं. नट प्रथम बोटांनीं चार आटे फिरवावा. आट्यांना तेल लावूं नये, कारण त्यामुळें तितक्याच जोरांत नट अधिक ताणला जातो. मग समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळीत जावें. चाक जमिनीवर टेकलें कीं शेवटचा जोर टॉर्क-पान्यानें, पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत द्यावा. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदां पुन्हां तपासावें. चाक काढतांना केवळ जॅकवर विसंबूं नये; खालीं लोखंडी टेकू असलाच पाहिजे.

हा नियम ऐकल्यावर नानांचा विरोध मावळला. "म्हणजे सोडवणें तुमच्या यंत्राचें आणि आवळणें माझें," असें म्हणून त्यांनीं टॉर्क-पाना आपल्या खोलींतील कपाटांत ठेवून घेतला. खांदा बरा झाल्यावर पहिल्याच रविवारीं पुतणीनें चारही चाकांचे नट बंदुकीनें काढले, व नानांनीं पाटावर बसून एकेक नट, पान्यांतून 'टक्' असा आवाज येईपर्यंत, बसविला. त्या आवाजाला जोर फारसा लागत नाहीं, याचें त्यांना स्वतःलाच नवल वाटलें.

मग वहिनी पदर खोंचून पुढें झाल्या. गाडींत ठेवण्यासाठीं आणलेला साठ सेंटिमीटरचा दांडा त्यांनीं एका नटाला लावला आणि कोणाची मदत न घेतां खालीं दाबला. शंभर न्यूटन-मीटरनें आवळलेल्या नटाला तेवढ्या लांबीवर सतरा-अठरा किलोंचा रेटा पुरतो. नट सुटला. "आतां घाटांत चाक बसलें तर बसूं दे," असें म्हणून त्या स्वयंपाकघरांत गेल्या, आणि नानांनीं तो नट पुन्हां मोजून बसविला.