वर टीएमसीचा वाद, खाली मोटारीचे तास. उसाला लागणारं पाणी मोजणार कोण?

उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र आटलं की कर्नाटकानं कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी करायची आणि दोन्हीकडच्या नेत्यांनी त्यावर बोलायचं, हे सीमाभागाला नवीन नाही. ही सगळी चर्चा टीएमसीत चालते. चिकोडी, रायबाग, अथणीतला अर्ध्या-एक एकराचा शेतकरी मात्र पाणी तासांत मोजतो. लाईट किती तास होती, मोटार किती तास चालली, एवढाच हिशेब. पिकाला प्रत्यक्षात किती पाणी लागतं, हे या दोन्ही मापांत कुठंच येत नाही.

ते काढण्याची पद्धत जुनी आणि जगभर वापरातली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 1998 मध्ये ती मांडली. ऊन, तापमान, वारा आणि हवेतली आर्द्रता यांवरून रोज किती मिलिमीटर पाणी उडून जातं ते काढायचं आणि त्याला पिकाच्या वयाप्रमाणे ठरलेल्या गुणांकानं गुणायचं. उसाचा गुणांक लागणीनंतर 0.4 च्या आसपास असतो, भर वाढीत 1.25 आणि तोडणीच्या तोंडावर 0.75. लहान शेतकऱ्याला सोयीची गोष्ट म्हणजे, एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास 100 लिटर.

आता भावकीतल्या सामाईक विहिरीचं उदाहरण घ्या. एकाच्या वाट्याला 20 गुंठे आडसाली ऊस आणि आठ दिवसांनी एक पाळी. एप्रिलमध्ये रोज 6 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर 1.25 नं गुणून 7.5 मिलिमीटर होतात. म्हणजे 20 गुंठ्यांना रोज 15 हजार लिटर, आठ दिवसांचे 1 लाख 20 हजार. पाटानं, सरीतून पाणी देताना सगळं मुळाशी पोचत नाही. 60 टक्के पोचलं तरी विहिरीतून 2 लाख लिटर उपसावं लागतं. 200 लिटरचं बॅरल 40 सेकंदांत भरत असेल, तर मोटार तासाला 18 हजार लिटर देते. लागणारा वेळ 11 तास. थ्री-फेज मिळणार सात तास, तीही लाईट गेली नाही तर!

त्या सात तासांत भागतो तो 12-13 गुंठे ऊस. उरलेला प्रत्येक उन्हाळ्यात वाळणार, हे लागणीआधीच कळू शकतं. ठिबक केलं तर 90 टक्के पाणी मुळाशी जातं आणि तेवढ्याच तासांत 19 गुंठ्यांपर्यंत मजल जाते. मात्र बॅरल एप्रिलमध्ये भरून बघावं, डिसेंबरातल्या भरलेल्या विहिरीवर नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी. जानेवारीत लावलेल्या सुरू उसाला फेब्रुवारीत रोज 2 मिलिमीटरच्या आसपास पाणी पुरतं. तरी पाळी आली की सऱ्या तुडुंब भरतात. 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज मोफत. ऑटो स्टार्टर लावला की रात्री लाईट येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू. बंद करायला कोण उठणार? कृष्णाकाठच्या शिरोळ-कागवाड पट्ट्यात क्षारपड जमिनी वाढण्यामागं निचऱ्याच्या अभावाबरोबर हे जादा पाणीही आहे.

सल्ल्याचं म्हणाल तर तिथं अडचण दुहेरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले जल’ ॲप आहे, पण ते प्रामुख्यानं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी. इकडचा सरकारी सल्ला कन्नडमध्ये. त्यात केंद्रानं 2024 मध्ये देशभरातली जिल्हा पातळीवरची कृषी-हवामान केंद्रं बंद केली. बेळगाव जिल्ह्याला तर एकच आकडा चालतच नाही. खानापूरच्या घाटाकडची पावसाची, तांबडी जमीन वेगळी आणि अथणीची कोरडी, काळी जमीन वेगळी. काळी जमीन पाणी धरून ठेवते, तिथं पाळी लांबवता येते; हलक्या जमिनीत थोडं-थोडं पण लवकर द्यावं लागतं. तालुक्याचा रोजचा मिलिमीटरचा आकडा मराठी आणि कन्नड दोन्हींत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर बाकीचा गुणाकार शेतकरी करू शकतो.

साखर कारखान्याकडे ऊस नोंद करताना क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख विचारतात. मोटार तासाला किती लिटर देते आणि पाळी किती दिवसांनी येते, हे दोन रकाने त्याच फॉर्मवर घालायला खर्च काहीच नाही.