विश्लेषण : हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर ‘रोबोटिक’ उपचार खरेच सरस आहेत का?

‘रोबोटने हृदयावर उपचार’ अशी जाहिरात दिसली, की सगळे यंत्रच करते असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते.

अॅब्लेशन म्हणजे काय?
जांघेतील शिरेतून कॅथेटर ही बारीक नळी हृदयात नेतात आणि ठोके बिघडवणारा भाग बहुतेक वेळा उष्णता देऊन निष्क्रिय करतात. नेहमीच्या पद्धतीत डॉक्टर नळी हाताने फिरवतात. रोबोटिक पद्धतीतही ती डॉक्टरच हलवतात, पण दूर बसून, यांत्रिक हाताने किंवा चुंबकाच्या साहाय्याने.

फायदा कोणाला?
डॉक्टरांना नक्कीच. क्ष-किरणांचा संपर्क घटतो, शिशाचा जड अॅप्रन घालून तासन् तास उभे राहावे लागत नाही.

रुग्णाचे काय?
‘मॅन अँड मशीन’ या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशनच्या २५८ रुग्णांमध्ये यांत्रिक हाताची पद्धत तपासली गेली. वर्षभरानंतरचे यश हाताने केलेल्या उपचारांपेक्षा कमी नव्हते. वेळ मात्र जास्त लागला.

म्हणून ‘रोबोट’साठी जादा पैसे मोजण्याआधी विचारा : डॉक्टरांनी असे किती उपचार केले आहेत? गुंतागुंत किती जणांना झाली? आणि माझ्या आजारात रोबोटचा नेमका फायदा काय?