हात जोडलेला शेतकरीच का आवडतो?



शहरातल्या दिवाणखान्यात खेड्याचे चित्र हमखास टांगलेले असते. हिरवे शेत, बैलगाडी, डोईवर पाटी घेतलेली बाई. त्या चित्रात सावकार नसतो, सोसायटीची नोटीस नसते, बोंडअळी नसते. ही खोड आजची नाही, आपल्याच देशातली नाही.

फ्रान्समध्ये मिले नावाचा चित्रकार होऊन गेला. शेतकऱ्याचाच पोरगा. 1857 साली त्याने पॅरिसच्या प्रदर्शनात सरवा वेचणाऱ्या तीन बायांचे चित्र मांडले. बाया कमरेत वाकून पडलेली कणसे वेचताहेत. मागे मालकाच्या गंज्या लागल्या आहेत, घोड्यावर मुकादम आहे. सुगी कोणाची आणि सरवा कोणाचा, हे ज्वारीच्या रानात राबलेल्या बायांना समजावून सांगायला नको. पॅरिसचे टीकाकार मात्र बिथरले. त्यांना त्यात बंडाचा वास आला.

त्याच मिलेचे 1859 चे दुसरे चित्र पाहा. बटाट्याच्या शेतात नवरा-बायको संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा ऐकून मान खाली घालून उभे आहेत. हे चित्र पुढे डोक्यावर घेतले गेले! मिलेच्या हाती त्याचे सुमारे 1,000 फ्रँक आले. तो 1875 साली वारला. 1889 च्या लिलावात ते 5,53,000 फ्रँकला गेले. त्यातला छदामही त्याच्या घरी पोचला नाही.

अशा प्रकारांवर ओरड झाली. 1920 साली फ्रान्सने कायदा केला: चित्र पुन्हा विकले, की चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला वाटा. 1994 साली आपल्या कॉपीराइट कायद्यातही तसे कलम आले. आमची त्याला हरकत नाही. घामाचे दाम मिळालेच पाहिजेत. पण मग चित्रातल्या शेताला एक न्याय आणि खऱ्या शेताला दुसरा का?

एप्रिल 2010 मध्ये भाव चढताच सरकारने कापसाची निर्यात रोखली. मार्च 2012 मध्ये पुन्हा बंदी घातली. ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस निघायच्या तोंडावर, 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. कापडाच्या नफ्यात आम्ही वाटा मागत नाही. आमचा भाव पाडू नका, एवढेच म्हणतो. आणि एवढे म्हटले, तरी हात जोडलेल्या शेतकऱ्यावर कविता करणारे आम्हाला आडमुठे ठरवतात.

तेव्हा मेळाव्याला येताना या हंगामाचा एकरी खर्च आणि हाती पडलेला भाव कागदावर मांडून आणा. खेड्याचे खरे चित्र तेच. ते आपणच काढू आणि सरकारच्या दारात टांगू.