उजव्या गालाचं वय

आज एक छोटासा प्रयोग करा. ऑफिसच्या वॉशरूममध्ये केस सारखे करून झाले की शर्टाची बाही वर सरकवा आणि दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा. कशी दिसते? मऊ, एका रंगाची, जवळजवळ लहान मुलासारखी. आता त्याच हाताच्या पंजाची पाठ बघा. जास्त सावळी, जराशी खरखरीत, बारीक रेघा पडलेली. दोन्हींची जन्मतारीख एकच, आईबाप तेच, खाल्लेलं अन्नही तेच. मग एवढा फरक कसा पडला?

या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट कळलं, त्याचे पार्लरवरचे निम्मे पैसे वाचले असं समजा.

आपल्या कातडीत दोन घड्याळं चालू असतात. पहिलं आतलं, म्हणजे वयाचं. वरच्या पातळ थराखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांची जाळी असते. कातडीला घट्टपणा देते ती हीच. (अभिमानाची गोष्ट म्हणजे कोलॅजेनची तीन पेडांची रचना १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण वेणीसारख्या तीन पेडांची मूळ कल्पना त्यांचीच.) विशीनंतर हे कोलॅजेन दर वर्षी साधारण १ टक्क्याने कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत हा वेग एकदम वाढतो. तेलग्रंथी सुस्तावतात, कातडी कोरडी पडते. हे घड्याळ कुणालाच थांबवता येत नाही. सिनेमातल्या नट्यांनाही नाही.

दुसरं घड्याळ बाहेरचं. ऊन, धूर, सिगारेट. दंडाच्या आतल्या बाजूला फक्त पहिलं घड्याळ चालतं, चेहऱ्यावर आणि हातांवर दोन्ही चालतात. तुमच्या प्रयोगात दिसलेला फरक म्हणजे या दुसऱ्या घड्याळाचं बिल!

आणि या बिलात सगळ्यात मोठा आकडा उन्हाचा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांचे जमिनीपर्यंत पोचणारे दोन प्रकार. यूव्हीबी कातडी भाजतो, पण काचेतून फारसा आत येत नाही. यूव्हीए भाजत नाही, म्हणून कळतही नाही, पण तो खोल जातो आणि साध्या काचेतून आरामात आत येतो. १९९६ साली मिशिगन विद्यापीठाच्या गॅरी फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, कातडी लाल होण्याच्या कितीतरी आधी, अगदी थोड्या अतिनील किरणांनीही कोलॅजेन कापणारी एन्झाइम्स कामाला लागतात. म्हणजे ‘मला कुठे ऊन लागतं, मी तर एसीत असतो’ हे म्हणणं संपलं. ईएमआयसारखं आहे हे. एकेक हप्ता जाणवत नाही, बेरीज जाणवते.

२०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला. वय ६९, गाडी चालवण्यात २८ वर्षं गेलेली. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी. डावी मात्र जाड, खोल सुरकुत्यांची, जणू त्याच्या मोठ्या भावाची! अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि खिडकीची काच त्याच्या डाव्या गालाला असते. २८ वर्षांचं बिल एकाच गालाने भरलं.

आता आपल्याकडे या. आपला ड्रायव्हर बसतो उजवीकडे. मी राहते पिंपळे गुरवमध्ये. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं सकाळी हिंजवडीला जातात, उरलेल्यांतली बरीच भोसरी-चाकणला. नकाशा डोळ्यासमोर आणा. नाशिक फाट्यावरून चाकणचा रस्ता जवळपास सरळ उत्तरेला जातो. सकाळी तिकडे निघालात की सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे... पुन्हा उजव्याच हाताला! जाताना उजवा गाल, येताना उजवा गाल. आठवड्याचे सहा दिवस. गाडीची पुढची काच बहुतेक यूव्हीए अडवते, बाजूच्या काचेचा मात्र भरवसा नाही. २०१६ साली अमेरिकेत २९ गाड्या तपासल्या, तर पुढच्या काचेने सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवला होता. बाजूच्या काचांचं प्रमाण गाडीगणिक ४४ ते ९६ टक्के इतकं वेगवेगळं निघालं.

म्हणून कंपनीच्या बसने चाकणला जाणाऱ्यांना फुकटचा सल्ला. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा डावीकडची सीट पकडा. हिंजवडीवाल्यांचं गणित वेगळं. सकाळी पश्चिमेला जायचं, संध्याकाळी पूर्वेला यायचं, म्हणजे सूर्य बहुतेक वेळ पाठीशी. टू-व्हीलरवर असाल तर तुमचा उजवा गाल सुटला आणि मान सापडली.

सकाळ-संध्याकाळचं ऊन दुपारच्या मानाने सौम्य असतं, मान्य. पण आपण लंडनमध्ये राहत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. उन्हाचा जोर ओळखायची युक्तीही सावलीचीच. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन जोरात आहे असं समजा. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी बाराच्या सुमाराला सावली आपल्यापेक्षा आखूडच असते. लंच झाल्यावर टपरीपर्यंत मारलेली ‘जस्ट टेन मिनिट्स’ची चक्कर सावली बघून मारा.

आता विषय स्कार्फचा. डोळ्यांपुरती फट ठेवून चेहरा गुंडाळलेली, हातात कोपरापर्यंत मोजे घातलेली टू-व्हीलरवरची मुलगी ही पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची ओळखच. या स्कार्फवर किती जोक झाले असतील! ‘चंबळहून कधी आलीस?’ हा तर मी कॉलेजपासून ऐकतेय. पण विज्ञानाच्या बाजूने बघाल तर आपल्या शहरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी अँटी-एजिंग ट्रीटमेंट ती हीच. अट एकच, कापड दाट विणीचं हवं. स्कार्फ उजेडात धरा. बोटं आरपार दिसली तर ऊनही आरपार जाणार. पांढऱ्या झिरझिरीत ओढणीपेक्षा गडद रंगाचा जाडसर सुती स्कार्फ केव्हाही बरा. ओला झाला की कापडाचं संरक्षण कमी होतं, हेही लक्षात ठेवा.

जोक करणाऱ्या दादालोकांचं काय? हाफ बाही, उघडी मान, हेल्मेटची काच वर. सनस्क्रीन म्हटलं की ‘ते बायकांचं’. पस्तिशीत त्यांची मान आणि कान बघा. उत्तर मिळेल.

पण स्कार्फवाल्यांशीही मला थोडं भांडायचं आहे. आपण तो बांधतो कशासाठी? दहापैकी नऊ जणी सांगतील, ‘काळी पडू नये म्हणून.’ इथेच गडबड आहे. सावळा रंग हा दोष नाही, ती छत्री आहे. कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण अडवतं, म्हणून गोऱ्या युरोपियन माणसाला सुरकुत्या लवकर पडतात आणि आपल्याला उशिरा. आपल्याकडे उन्हाचा हिशोब आधी दिसतो तो डागांत, वांगात, असमान रंगात. छत्रीचाच रंग उतरवायला निघालो तर उरणार काय?

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही बरं का. आमच्या विंगमधली एक मुलगी, वय २६, लग्न ठरवायचं चाललेलं. ओठाभोवती लाली आणि बारीक पुरळ घेऊन माझ्याकडे आली. “ताई, उन्हात गेलं की चेहऱ्याची नुसती आग होते गं.” पर्समधून ट्यूब काढली. कुठल्याशा मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. “पहिल्या आठवड्यात काय ग्लो आला होता! आता लावली नाही की जास्तच होतं.” ट्यूबवर बारीक अक्षरांत स्टेरॉइडचं नाव होतं. अशी क्रीम्स डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आजारांवर उत्तम काम करतात. गोरं व्हायला महिनोन् महिने लावली तर मात्र कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि थांबवलं की आग होते. म्हणजे तरुण दिसण्यासाठी केलेल्या उपायाने कातडी म्हातारी! मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. सावरतेय हळूहळू, पण सहा महिने गेले. लग्नाची बोलणी पुढे ढकलली, आणि ती तिने स्वतः ढकलली, हे मला फार आवडलं.

याहून वाईटही घडतं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. आई आणि दोन मुली उजळपणाचं एक क्रीम वापरत होत्या, आणि तिघींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधलं, तर क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. मग तो कातडीतून रक्तात उतरतो. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. डब्यावरचं नाव बदललं. आपल्या डोक्यातलं कधी बदलायचं?

बाकीचे आरोपीही बघून घेऊ. सिगारेट दोन नंबरवर. तिच्यामुळे कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि कोलॅजेन कापणारी तीच एन्झाइम्स वाढतात. ‘स्मोकर्स फेस’ हा शब्द वैद्यकीय साहित्यात १९८५ पासून आहे. मग रस्त्यावरचा धूर. २०१० साली जर्मनीत सुमारे ४०० वयस्क बायकांचा अभ्यास झाला. वाहनांची काजळी जास्त असलेल्या भागात राहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर डाग जास्त निघाले, सुमारे २० टक्क्यांनी. नाशिक फाट्याच्या सिग्नलला रोज उभं राहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. साखर रक्तात सतत जास्त राहिली तर ती कोलॅजेनला चिकटते आणि दोरे कडक करते. दिवसाचे पाच कटिंग चहा मोजा कधीतरी.

मॉनिटरच्या निळ्या उजेडाची भीती मात्र सोडून द्या. उन्हाच्या मानाने तो उजेड किरकोळ आहे. झोप त्याने बिघडते, कातडी नाही. ‘स्क्रीन प्रोटेक्शन’वाली महागडी क्रीम्स दुकानातच राहू द्या. कोलॅजेन पावडरचंही तसंच. पोटात गेलेलं कोलॅजेन पचून तुकडे होतात, ते थेट गालात जाऊन बसत नाहीत. तिचे गुण गाणाऱ्या बऱ्याच अभ्यासांमागे कंपन्यांचाच पैसा आहे.

मग करायचं काय? सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावी ९०० हून अधिक माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. २०१३ साली निष्कर्ष आला की, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. घेताना दोन गोष्टी बघा. एसपीएफ ३० किंवा वर, आणि यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीएचे तीन-चार प्लस. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, काचेतून येणारं संकट त्यात मोजलेलं नसतं. वाटाण्याएवढं लावून भागत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून हवं. वांग असेल तर रंगीत, लोहाचे ऑक्साइड असलेलं घ्या, कारण आपल्या कातडीवर साधा दिसणारा सूर्यप्रकाशही डाग पाडतो. ड जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर हातापायांना थोडं ऊन द्या. त्यासाठी चेहराच पुढे करायला हवा असं नाही.

सुरकुत्या, डाग आधीच आले असतील तर ट्रेटिनॉइनसारखी औषधं आहेत. ती डॉक्टरांना विचारून, आणि गरोदरपणात मुळीच नाही.

आमच्या डायनासोर पार्कजवळ भाजी विकणाऱ्या मावशींचं वय मला साठ वाटायचं. परवा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, सत्तेचाळीस. काच नाही, एसी नाही, डावी-उजवी सीट नाही, सगळं ऊन थेट. आपल्याला निदान निवड तरी आहे. तेव्हा येत्या शनिवारी ग्लो फेशियलची अपॉइंटमेंट घेण्याआधी एक दाट विणीचा स्कार्फ घ्या, आणि भाजी घ्यायला जाल तेव्हा मावशींसाठी एक मोठी छत्री. मुलग्यांनो, एक स्कार्फ तुमच्यासाठीपण!