‘एनसी’ म्हणजे काय गं?

अर्नाळ्याहून विरारला निघालेल्या बसमध्ये पूर्ण शब्द बोलायला सवड कुणाला आहे? ‘करते आहे’चं ‘करतेय’ होतं, ‘नाही’चं ‘नाय’. बसलाही आपण एस.टी. म्हणतो, राज्य परिवहन म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. त्यात वावगं काहीच नाही. ऐकणारीला मूळ अर्थ ठाऊक असतो.

पण ठाऊक नसेल तर?

आमच्या किनाऱ्यावरची एक मैत्रीण नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करून आली. “एनसी केलीय,” म्हणाली. चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. तो कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात जपून ठेवला. महिन्यानं मी विचारलं, “एनसी म्हणजे काय गं?”

“म्हणजे केसच ना?”

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझी दखलच नाही?” पूर्ण शब्द कळताच तिला नेमका प्रश्न सुचला. दोन अक्षरांनी तो महिनाभर झाकून ठेवला होता.

मारहाण ‘साधी दुखापत’ म्हणून लिहिली की एनसी होते. पण बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा व्हावी असा सासरचा छळ, हुंड्यासाठीचा छळ, यासाठी १९८३ साली कलम ४९८ अ आलं. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकांनी खबर दिली, तर तो दखलपात्र ठरतो. खबर नोंदवून घेतली नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे टपालानं लेखी तक्रार पाठवता येते.

‘घरगुती मॅटर’चंही तसंच. २००५ च्या कायद्याच्या नावात ‘कौटुंबिक हिंसाचार’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. बोलताना घर तेवढं उरतं, हिंसाचार गळून पडतो.

मैत्रिणींनो, आपणही यातून सुटलेल्या नाही. आपल्या बैठकांत ‘डीव्ही’, ‘पीओ’ सर्रास चालतं. मीही म्हणते. आपसात चालेल. पण नवी बाई समोर बसली की कौटुंबिक हिंसाचार, संरक्षण अधिकारी, अदखलपात्र हे शब्द पूर्ण उच्चारू, तिलाही म्हणायला लावू. सही त्यानंतर.