पावसाळाभर उभी राहिलेली मालमोटार

बेळगाव भागात उसाचा हंगाम सरला, की कित्येक घरची जुनी मालमोटार गोठ्यामागे उभी राहते, ती दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे भोंगे ऐकू येईपर्यंत. मग इंजिन सुरू करून क्लच दाबावा, तो गिअर पडण्याऐवजी नुसता खरखराट! ऊसतोडीची टोळी दाराशी, आणि घरात हाकाटी होते, ‘गिअरबॉक्स गेला.’ आमच्या मते हा निष्कर्ष फार घाईचा होय.

इंजिन बंद असता गिअर सहज पडतात व चालू असता एकही पडत नाही, तर क्लच सुटत नाही, एवढेच समजावे. चाकांखाली दगड लावून, इंजिन बंद ठेवून, एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने खाली क्लचचा बाहेरचा दांडा पाहावा. दांडा जेमतेम हलत असेल, तर दोष बाहेरचा: तेल उतरलेले, नळीत हवा शिरलेली अथवा जोडदांड्या झिजलेल्या. दांडा पुरता सरकत असेल, तर मात्र प्लेटच चिकटली असण्याचा संभव अधिक. फ्लायव्हील बिडाचे, चार महिन्यांच्या ओलीने त्यावर गंज चढतो आणि प्लेटचे अस्तर त्याला घट्ट धरून बसते.

येथे काही मंडळी क्लचच्या पेटीत डिझेल ओततात. तसे मुळीच करू नये. अस्तर तेल पिते आणि मग क्लच सुटला तरी भरल्या गाडीखाली घसरत राहतो.

प्रथम इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले तापवून बंद करावे, पेडल पूर्ण दाबून आसन व पेडल यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास मोकळे मैदान गाठावे. ब्रेक पारखून घ्यावेत, हवेचे असतील तर टाकी भरून घ्यावी. पुढेमागे माणूस, जनावर नसावे. मग गिअर टाकून, पेडल दाबूनच इंजिन सुरू करावे. गाडी लगेच चालू लागेल, हे ध्यानात असावे. अॅक्सिलरेटर दाबावा-सोडावा, मध्येच ब्रेकचा हिसका द्यावा. इंजिन बंद करण्याची कळ हाताशीच असावी. मागची चाके जॅकवर उचलून हाच प्रयोग करणारे आम्ही पाहिले आहेत. जॅक निसटला तर गाडी घरातच शिरायची!

तीन-चार प्रयत्नांत सुटला नाही, तर गिअरबॉक्स उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. मिस्तरीला प्लेट शाफ्टच्या खाचांवर मोकळी सरकते का, हेही पाहावयास सांगावे. मात्र पेटीतली भुकटी हवेच्या नळीने उडवू देऊ नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी कर्करोगही उद्भवू शकतो. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. पोरांना त्या दिवशी गाडीजवळ फिरकू देऊ नये.

पुढल्या पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा इंजिन सुरू करून क्लच दहा-वीस वेळा दाबावा. त्याला डिझेल लागते ते वाटीभर.